विश्लेषण : पद एकाचे, गळा दुसऱ्याचा! वसंतराव देशपांडे यांच्या नाट्यगायनाला नक्कल का म्हणत नाहीत?

नाट्यसंगीताच्या कोणत्याही मैफलीला आज गेले, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. गायक ज्या भूमिकेचे पद गात असतो, ती भूमिका त्याने कधी केलेली नसते. समोरच्या बहुतेक श्रोत्यांनी ते नाटकही पाहिलेले नसते. ‘मानापमान’ १९११चे, ‘स्वयंवर’ १९१६चे, ‘संन्यस्त खड्ग’ १९३१चे. ती पदे पहिल्यांदा रंगभूमीवर गाणारे गायक-नट केव्हाच गेले. उरली ती पदे आणि ती पुन्हा गाणारे गळे. नव्या पिढीच्या भाषेत सांगायचे तर ही सगळी ‘कव्हर’ गाणी. मग यातले कोणते गाणे नुसती नक्कल आणि कोणते गायकाचे स्वतःचे? हा प्रश्न समजून घ्यायला डॉ. वसंतराव देशपांडे (२ मे १९२० – ३० जुलै १९८३) यांचे आयुष्य फार उपयोगी पडते. उमेदीची अनेक वर्षे ते दुसऱ्यांनी गाजवलेली पदे गात राहिले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना ज्या भूमिकेने घराघरांत पोहोचवले, त्या नाटकाचा विषयही दुसऱ्याची गायकी उचलणे हाच होता.

नाट्यपद मुळात कोणाचे?

ज्याला आपण ‘मूळ’ चाल म्हणतो, ती बरेचदा मूळ नसतेच. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. त्या काळातील नाटकांची छापील पुस्तके पाहिली, तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून आधीच्या एखाद्या गाण्याचे नाव दिलेले आढळते. लोकांना ठाऊक असलेली चाल घ्यायची आणि त्यावर नवे शब्द बसवायचे, ही तेव्हाची रीत. यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. पुढे ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, तेव्हा त्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी रंगभूमीवर आणला. ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला. म्हणजे मराठी नाट्यपद जन्मापासूनच कोणाच्या तरी गाण्यावर उभे आहे.

दुसरी बाब भूमिकेची. नाटक कंपनीत पद गायकाच्या नव्हे, भूमिकेच्या मालकीचे असे. राजापार्ट करणारा नट बदलला की त्या भूमिकेची पदे नव्या नटाकडे जात. ‘मानापमान’चा पहिला धैर्यधर किर्लोस्कर मंडळीतील नानासाहेब जोगळेकर यांचा. ते त्याच वर्षी गेले. पुढे गंधर्व नाटक मंडळीत खुद्द टेंबे ही भूमिका करू लागले. पदे तीच, गळे निराळे. भामिनीची पदे बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषाने, स्त्री भूमिकेत गायिली आणि आज ती गायिका गातात. खरे तर ही पदे आता त्यांच्या धन्याकडे परत आली असे म्हणायला हरकत नाही. पण बालगंधर्वांच्या हरकती गळ्यात बसवल्याशिवाय त्या गायिकांना कोणी दाद देत नाही, हीही गंमतच.

ग्रामोफोनचा परिणाम काय झाला?

फार मोठा. रंगमंचावर एखादे पद वन्समोअर घेत घेत पंधरा-वीस मिनिटे चाले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यामुळे गायकाला ध्रुवपद, अंतरा आणि चार ताना यांत सगळे उरकावे लागे. पुढच्या पिढीने ज्याला मूळ गाणे समजून पाठ केले, तो असा सारांश होता. तबकडीतली तान जशीच्या तशी उचलणारा गायक खरे म्हणजे मूळ गायकाच्या एका दिवसाची, एका यंत्रासमोरच्या घाईची नक्कल करत असतो. तो गायक दुसऱ्या दिवशी प्रयोगात तीच तान तशीच घेई, असे नाही. वसंतरावांना हे फार लवकर उमगले असावे. कारण त्यांनी तबकडीबरोबरच समोर बसूनही ऐकले होते.

वसंतरावांचे शिक्षण कसे झाले?

जन्म अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. लहानपण नागपुरात गेले. वडिलांचे घर सोडून आईने मुलाला वाढवले आणि गरिबीतही त्याचे गाणे थांबू दिले नाही. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे पहिले धडे मिळाले. सप्रे हे विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या परंपरेतले. पुढे चित्रपट संगीतात सी. रामचंद्र या नावाने गाजलेले राम चितळकरही याच सप्रेगुरुजींकडे शिकले. पोरगा गातो आणि दिसतोही चांगला, हे भालजी पेंढारकर यांच्या कानावर गेले आणि ‘कालिया मर्दन’ (१९३५) या चित्रपटात वसंतरावांना कृष्णाची भूमिका मिळाली. मात्र चित्रपटात पुढे वाट सापडली नाही. बालनटाचा आवाज फुटला की त्याचे काय होते, हे नाटक-सिनेमावाल्यांना सांगायला नको.

मग लाहोर. तिथे असद अली खाँ यांच्याकडे ते शिकले. उस्तादांनी महिनोन्महिने फक्त मारवा शिकवला, अशी हकिकत वसंतरावांच्या चाहत्यांमध्ये नेहमी सांगितली जाते. खरोखर किती महिने, यावर सांगणाऱ्यांचे एकमत होत नाही. पण वसंतरावांचा मारवा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ती हकिकत खोटी वाटत नाही. मारवा हा पंचम वर्ज्य असलेला राग आणि त्यात षड्जही मोजूनमापून घ्यायचा असतो. गायकाला टेकायला जागाच मिळत नाही. अधांतरी राहून स्वर धरण्याची ही सवय पुढे त्यांच्या नाट्यपदांत जागोजागी दिसते. समेच्या अगदी तोंडाशी येऊन ते तिथे न उतरता दुसरीकडे निघून जात आणि श्रोत्याने आता चुकले म्हणावे, तोच सम पकडत.

पुढे किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ अशा वेगवेगळ्या गायकांकडून त्यांनी घेतले. एका घराण्याचा शिक्का त्यांच्यावर कधी बसला नाही. घराणे विचारणाऱ्यांना आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे ते सांगत, ही आठवण सर्वश्रुत आहे. ते थट्टेत सांगितले जाई, पण त्यामागे थोडी सलही असावी. त्या काळात घराणे नसलेल्या गवयाला शास्त्रीय मैफलीत वरची बैठक सहजासहजी मिळत नसे.

दीनानाथांकडून नेमके काय घेतले?

इतके गुरू झाले तरी त्यांच्या गाण्यावर सर्वांत खोल ठसा होता मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा. दीनानाथांचा जन्म १९०० सालचा, गोव्यातील मंगेशीचा. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. १९४२ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. बालगंधर्वांच्या लडिवाळ, लयीत झुलणाऱ्या गायकीने महाराष्ट्र वेडा झालेला असताना दीनानाथांनी अगदी उलटी वाट धरली. तिन्ही सप्तकांत झेपावणारा आवाज, अंगावर येणारी तान, अनपेक्षित स्वरांवर घेतलेल्या उड्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. दीनानाथांचे काही गाजलेले गाणे हेही दुसऱ्यांच्या पदांवरचेच होते. ‘मानापमान’ हे गंधर्व मंडळीचे घरचे नाटक, चाली टेंब्यांच्या. दीनानाथांनी धैर्यधर उभा केला तेव्हा त्या चाली मुकाट्याने स्वीकारल्या नाहीत. ‘प्रेम सेवा शरण’ हे पद मुळात भीमपलासीतले. दीनानाथांनी ते मुलतानीत गायिले. भीमपलासी आणि मुलतानी हे दोन्ही दुपारचे राग, आरोहात दोन्हींकडे रिषभ-धैवत वर्ज्य. पण मुलतानीत रिषभ-धैवत कोमल आणि मध्यम तीव्र होतो. त्यामुळे भीमपलासीतली आर्जवी शरणागती मुलतानीत एकदम टोकदार होते. शब्द तेच राहिले, पण धैर्यधर निराळा झाला. आज हे पद मुलतानीतच गायिले जाते आणि मूळ चाल भीमपलासीत होती, हे अनेक गायकांनाही सांगावे लागते. पुन्हा गायिलेले गाणे मूळ गाण्याला मागे टाकते, याचे मराठीतले हे ठळक उदाहरण.

वसंतरावांनी दीनानाथांकडून हे घेतले. आवाज नव्हे, कारण दोघांचे गळे वेगळे होते. दीनानाथांच्या गळ्याची धार पातळ आणि चमकदार. वसंतरावांच्या आवाजाला थोडा घोगरेपणाकडे झुकणारा पोत होता. त्यांनी उचलला तो स्वभाव. पद समोर आले की त्याला प्रश्न विचारायचा, तीच ओळ चार वेळा चार तऱ्हांनी म्हणायची, ठरलेल्या जागी ठरलेली तान घ्यायची नाही. ‘संन्यस्त खड्ग’ हे स्वातंत्र्यवीर सावरकर यांचे नाटक बलवंत मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यातले ‘शत जन्म शोधिताना’ हे दीनानाथांचे पद वसंतरावांनी आयुष्यभर गायिले. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली, तर चाल एकच असल्याचे कळते, पण एकाही जागी एकाची तान दुसऱ्यासारखी वाटत नाही. तरीही वसंतरावांचे गाणे ऐकताना दीनानाथ आठवतात. नकलेत हे उलट होते. तिथे तान तीच असते, पण मूळ गायक आठवण्याऐवजी त्याची उणीव जाणवते.

मग इतका गायक कचेरीत का बसला?

पोटासाठी. पुण्यात लष्कराच्या हिशेब कार्यालयात वसंतरावांनी दोन दशकांहून अधिक काळ कारकुनी केली. दिवसा आकडे, रात्री मैफल आणि सकाळी पुन्हा हजेरीपट. नाटक कंपन्या तोवर मोडल्या होत्या. बोलपटाने १९३०च्या दशकात संगीत रंगभूमीचे कंबरडे मोडले, बड्या मंडळ्या कर्जात बुडाल्या. आधीच्या पिढीत जन्मले असते तर वसंतराव एखाद्या कंपनीत राजापार्ट करत गावोगाव फिरले असते. ते वयात आले तेव्हा त्यांना उभे राहायला रंगमंचच उरला नव्हता. म्हणून ते नाट्यपद मैफलीत गात राहिले. भूमिका नाही, पोशाख नाही, समोर दुसरे पात्र नाही. गणपती उत्सवाच्या मांडवात, आकाशवाणीच्या खोलीत, मित्रांच्या दिवाणखान्यात.

मित्र मात्र मोठे लाभले. पु. ल. देशपांडे हे त्यातले सर्वांत जवळचे. गाणे कळणारा, पेटीवर साथ करणारा आणि आपल्या मित्राची योग्यता चारचौघांत ठणकावून सांगणारा मित्र गायकाला मिळणे ही काही लहान गोष्ट नाही. तरी नोकरी सुटत नव्हती. मागे कुटुंब होते, गाण्याच्या बिदागीचा भरवसा नव्हता. मध्ये ईशान्येकडे, तेव्हाच्या नेफात बदली झाली आणि गाणे जवळजवळ तुटले. शेवटी १९६०च्या दशकाच्या मध्यावर, पंचेचाळिशीच्या आसपास त्यांनी नोकरी सोडली. त्या वयात सरकारी नोकरी सोडून पूर्ण वेळ गाण्यात उतरणे याचा मध्यमवर्गीय घरात काय अर्थ होतो, हे निवृत्तिवेतनाचा हिशेब करणाऱ्या कोणालाही कळेल.

‘कट्यार’ने काय बदलले?

‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, तेही नागपूरचे. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे, जे दीनानाथांच्याच मंगेशीचे. निर्मिती प्रभाकर पणशीकर यांच्या नाट्यसंपदेची. भार्गवराम आचरेकर यांनी पंडित भानुशंकर, प्रसाद सावकार यांनी सदाशिव आणि फैयाज यांनी झरीना उभी केली. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले वसंतराव.

गोष्ट थोडक्यात अशी. संस्थानच्या दरबारात दरवर्षी गायनाचा मुकाबला होतो. जिंकणाऱ्याला राजगायकाचे पद, हवेली आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. वर्षानुवर्षे हरणारे खाँसाहेब एकदाचे जिंकतात आणि पंडितजींच्या हवेलीत राहायला येतात. पंडितजींचे गाणे शिकण्यासाठी आलेला सदाशिव मग नोकर बनून खाँसाहेबांच्याच घरात राहतो आणि चोरून त्यांची गायकी आत्मसात करतो. खाँसाहेबांच्या दृष्टीने ही चोरी आहे. सदाशिवाच्या दृष्टीने विद्या कोणाच्या मालकीची नसते. कट्यार कोणावर चालणार, याचा निर्णय शेवटी गाण्यावरच होतो.

दुसऱ्याचे गाणे घेणे म्हणजे चोरी की शिक्षण, हा प्रश्न मराठी रंगभूमीवर इतक्या उघडपणे आधी कोणी मांडला नव्हता. अभिषेकींनी तो चालींतही मांडला. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन वेगवेगळ्या चालींत येते. एक पंडितजींच्या घराण्याच्या शांत ढंगात, दुसरे खाँसाहेबांच्या आक्रमक ढंगात. शब्द एकच, पण दोन माणसे, दोन स्वभाव, दोन संस्कृती. एखाद्या पदाचे ‘कव्हर’ नाटकाच्या आतच घडवून आणण्याचा हा प्रकार आहे, आणि तो नुसती करामत म्हणून नाही. ते दोन ढंग ऐकूनच प्रेक्षकाला भांडण समजते.

या भूमिकेसाठी वसंतरावांना वेगळी तयारी करावी लागली असेल, असे वाटत नाही. लाहोरच्या उस्तादासमोर ते बसले होते, उर्दूचा लहेजा कानात होता, खाँसाहेब मंडळींचे उठणे-बसणे पाहिलेले होते. आणि वर्षानुवर्षे डावलले गेलेल्या गायकाचा सल दाखवण्यासाठी त्यांना अभिनयाच्या पुस्तकाची गरज नव्हती. हवेलीत पाऊल ठेवल्यावर जुनी गाणी आता इथे चालणार नाहीत, असे खाँसाहेब ज्या पदातून बजावतात, त्यात विजयाचा माज आहे आणि त्याखाली दबलेली भीतीही. ‘सुरत पिया की’ ही रागमाला म्हणजे तर एका रागातून दुसऱ्यात शिरण्याची परीक्षाच. ती पुढे जो तो गाऊ लागला. रागांची क्रमवारी पाठ करता येते. एका रागाचे बोट सोडून दुसऱ्याचे धरताना मधला जो क्षण असतो, तो पाठ होत नाही. बहुतेक गायक तिथे अडखळतात.

अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’पासून (१९६४) नाट्यपद आटोपशीर केले होते, तासन् तास चालणाऱ्या गाण्याला लगाम घातला होता. ‘कट्यार’मध्ये त्यांनी वसंतरावांसाठी लगाम थोडा सैल ठेवला. संगीतकाराला गायक ओळखता येणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

इतरांच्या शैली ते कशा दाखवत?

वसंतरावांचा आणखी एक पैलू नव्या श्रोत्यांना फारसा माहीत नाही. मराठी नाट्यसंगीताचा प्रवास ते सप्रयोग व्याख्यानातून उलगडून दाखवत. किर्लोस्करांच्या काळातले साधे, कीर्तनाच्या जवळचे पद कसे होते, पुढे ख्याल आणि ठुमरी कशी शिरली, बालगंधर्व शब्दाला कसे कुरवाळत, केशवराव भोसले तान कशी फेकत, दीनानाथ तेच पद कसे उसळवत, हे ते गाऊन दाखवत. म्हणजे त्यांना नक्कल उत्तम येत होती. ती कुठे थांबवायची, हेही त्यांना ठाऊक होते. व्याख्यानात ते बालगंधर्व दाखवत, मैफलीत गात नसत. नक्कल न येणारा गायक आपण स्वतंत्र आहोत म्हणतो तेव्हा त्यात फारसे कौतुक नसते. वसंतरावांच्या बाबतीत तो निवड करून घेतलेला मार्ग होता.

त्याच दशकात कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे आपल्याला उमगली तशी मांडण्याचा कार्यक्रम केला. त्यावरून वादही झडले. ज्यांनी बालगंधर्वांना ऐकले होते, त्यांना ती पदे कुमारांच्या तुटक, नेमक्या स्वरांत ओळखीची वाटेनात. त्या मानाने वसंतरावांच्या दीनानाथांवर फारसा आक्षेप आला नाही. याचे एक कारण असे, की दीनानाथांची गायकी मुळातच बंडखोर होती. तिच्याशी प्रामाणिक राहायचे तर थोडी मोडतोड करावीच लागते. बालगंधर्वांच्या गाण्यात मोडतोडीला तितकी जागा नाही.

त्यांच्यावर टीका झाली का?

झाली. शास्त्रीय संगीताच्या काही जाणकारांना त्यांचे गाणे फार उतावळे वाटे. रागाची शांत बढत करण्याऐवजी ते मध्येच चमत्कृतीकडे वळतात, ठुमरीचा रंग ख्यालात मिसळतात, असा आक्षेप असे. तो सगळाच चुकीचा होता असे नाही. काही ध्वनिमुद्रणांत तानेच्या ओघात पदाचे शब्द खरोखरच हरवतात, आणि नाट्यपदात शब्द हरवणे हा दोषच. पण त्यांच्या बाबतीत आणखी एक अन्याय घडला. ‘कट्यार’च्या यशानंतर त्यांच्या ख्यालाच्या मैफलीतही श्रोत्यांकडून नाट्यपदांच्या चिठ्ठ्या येत. मारवा गायला बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात खाँसाहेब व्हावे लागे. इतरांची पदे गाता गाता जो स्वतःचा गायक झाला, तो अखेर स्वतःच्याच पदांत अडकला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८२ मध्ये. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले, वय त्रेसष्ट.

आता त्यांची पदे कोण गाते?

आता पाळी उलटली आहे. खाँसाहेबांची पदे हीच आज ‘मूळ’ मानली जातात आणि स्पर्धांतील मुले वसंतरावांच्या ध्वनिमुद्रणातील हरकती अक्षरशः घोकून येतात. परीक्षक माना डोलावतात. त्यात मुलांचा दोष नाही; शिकण्याची पहिली पायरी तीच. अडचण होते ती पुढची पायरी कोणी दाखवली नाही तर.

वसंतराव गेले तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे जेमतेम तीन-चार वर्षांचे होते. आजोबांकडे बसून शिकण्याचा प्रश्नच नव्हता. ते इतर गुरूंकडे शिकले, कुमार गंधर्वांच्या गायकीचाही त्यांच्यावर प्रभाव पडला आणि मग ते आजोबांच्या पदांकडे वळले. २०१०च्या सुमारास त्यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणले आणि स्वतः खाँसाहेब केला. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी या नाटकावर चित्रपट केला. त्यात पंडितजी शंकर महादेवन, सदाशिव स्वतः भावे आणि खाँसाहेब सचिन पिळगांवकर. हेच सचिन १९७९च्या ‘अष्टविनायक’मध्ये नायक होते आणि त्या चित्रपटात नायिकेच्या वडिलांच्या भूमिकेत होते वसंतराव. पडद्यावरच्या सचिन यांच्या खाँसाहेबांना आवाज मिळाला तो राहुल यांचा. सदाशिवासाठी महेश काळे गायिले आणि त्यांना ‘अरुणि किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे पद मात्र अभिषेकींचे नव्हे. ते शंकर-एहसान-लॉय यांनी चित्रपटासाठी नव्याने केलेले. जुनी पदे त्याच चित्रपटात असताना नव्या पदाला पुरस्कार मिळाला, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

२०२२ मध्ये निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ प्रदर्शित झाला. त्यात राहुल यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायनही. त्या गायनासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातले खाँसाहेबांचे प्रसंग पाहताना मागे वळून मोजू लागले तर साखळी बरीच लांब निघते : नातू आजोबा झाला आहे, आजोबा खाँसाहेब झाले आहेत, आणि त्या खाँसाहेबांच्या तानेत कुठे तरी दीनानाथांचा धैर्यधर आहे, ज्याने टेंब्यांच्या भीमपलासीचा मुलतानी केला होता.